उष्टं नान

१

दुकान रिकामं होतं. दाराला सील होतं, सीलवर शिक्का होता आणि शिक्क्याखाली 'आत कोणी नाही' असं ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं. तरी सकाळी पोकलेनने छप्पर ओढलं आणि धुरळा खाली बसला, तेव्हा राडारोड्यातून एक काळा रबरी जोडा बाहेर आलेला दिसला. जोडा रिकामा नव्हता.

जुन्या ताश्कंदमधली ती दुकानांची रांग मेट्रोच्या स्टेशनसाठी पाडायची होती. महिन्यापूर्वीच सगळे बिऱ्हाड उचलून गेले होते. घड्याळवाला गेला, चहाखानेवाला एर्गश गेला, आणि सगळ्यात शेवटी, रडत भेकत, नानची भट्टी चालवणारी खोसियत आपा गेली. आता सगळ्यात आधी परत आली होती ती तीच.

मोहल्ल्याचा इन्स्पेक्टर तोयिर पोचला तेव्हा बघ्यांनी आपोआप वाट दिली. एरवी तोयिर दिसला की लोक खिसे सांभाळायचे. चोर समजून नव्हे, हा आता कोणती टोपी घालतो या धास्तीने. याच माणसाने एकदा बाजारात पुडी सोडली होती की उद्यापासून कलिंगड ठोकून बघायचं तर पावती फाडावी लागणार, आणि दुपारपर्यंत अख्खा बाजार हात पाठीमागे बांधून कलिंगडांकडे नुसता बघत उभा होता. पन्नाशी आली, पोट सुटलं, पण खोड गेली नव्हती. आज मात्र त्याने टोपी काढली आणि राडारोड्यावर चढला.

आपा तंदुराच्या तोंडाशी होती. भट्टीचा तंदूर कमरेच्या उंचीवर आडवा बसवलेला. नान लावताना अर्धं अंग आत घालावं लागायचं, तशीच ती अर्धी आत होती. छपराची तुळई कमरेवर आली होती. तंदुराच्या मातीला मात्र साधा तडा नव्हता. उजव्या मुठीत मोबाईल होता, आणि मोबाईलचा दिवा अजून जळत होता.

तोयिरने आजूबाजूला बघितलं. भिंतीतली फळी खाली पडली होती. पिठाची मोठी लाकडी पेटी तुळईखाली दबली होती, पण झाकणावर बांधलेली सुतळी जशीच्या तशी. गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

खाली तोपर्यंत तीन निकाल लागले होते. बायका म्हणत होत्या की ठेकेदाराच्या माणसांनी म्हातारीला कोंडून मारली. पुरुष म्हणत होते की ती जागा सोडायला तयार नव्हती, हट्टाने आत लपून बसली. आणि वरचे साहेब, जे गाडीतून उतरलेच नव्हते, त्यांच्या मते सगळं सरळ होतं. मशीन कोण चालवत होता? तुर्दी. मग तुर्दीच. संध्याकाळपर्यंत त्याची सही घ्या आणि कागद वर पाठवा.

तुर्दी पोकलेनच्या पट्ट्याला टेकून जमिनीवर बसला होता. खेड्यातून आलेलं पोरगं, मिशीसुद्धा अजून धड नाही आणि बाप झालेला. रविवारी त्याच्या मुलाला पाळण्यात घालायचा कार्यक्रम होता. आख्खा मोहल्ला जेवायला होता, तोयिरसुद्धा.

"अका, मी हाक मारली होती," तो थोरल्या भावाला सांगावं तसं म्हणाला. "भोंगा वाजवला. चहाखान्याच्या दारात उभा राहून आत ओरडलो. तिथं दारच नव्हतं, नुसतं भगदाड. कोणी ओ दिली नाही, अका."

कशी देणार. तंदुरात डोकं घातलं की बाहेर बँड वाजला तरी कळत नाही. त्या मोहल्ल्यातलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं, कारण लहानपणी प्रत्येकाने आत डोकं घालून एकदा तरी आरोळी ठोकलेली असते.

तोयिरने आपाच्या मुठीतून मोबाईल सोडवला. दिवा बंद करायला त्याचा अंगठा धजेना. लपणारा माणूस दिवा लावत नाही. मरायला आलेला माणूसही लावत नाही. दिवा लावतो तो काहीतरी शोधणारा. आणि महिन्यापूर्वी झाडून नेलेल्या दुकानात, विझलेल्या तंदुरात, या बाईला काय सापडायचं होतं?

२

ठेकेदाराचा इंजिनियर दिलमुरोद हा इस्त्री केलेला माणूस. पॅन्टला कडक घडी आणि बोलण्यालाही. तोयिरने त्याला पत्र्याच्या ऑफिसात गाठलं, समोर बसला आणि त्याच्याच किटलीतून स्वतःला चहा ओतून घेतला.

दिलमुरोदने सांगितलं ते असं, की सकाळी काम सुरू व्हायच्या आधी तो स्वतः रांगेतल्या प्रत्येक दुकानात जाऊन आला. कोपरा न् कोपरा बघितला. मगच सीलवर शिक्का मारला. म्हातारी नंतर कुठूनतरी घुसली असणार. मशीन सुरू करताना परत बघायचं काम तुर्दीचं.

"कोपरा न् कोपरा," तोयिरने मान डोलावली. "मग एक काम होतं तुमच्याकडे. एर्गश माझं डोकं खातोय. त्याच्या चहाखान्यात मागच्या भिंतीला एक मोठा आरसा होता, सासऱ्याने दिलेला. तो तुम्ही काढून ठेवला का, एवढंच विचारून ये म्हणाला."

"तो होय," दिलमुरोद म्हणाला. "त्याला तडा गेला होता. तिथेच राहू दिला."

तोयिरने चहा संपवला. पियाला पालथा घातला. चहा बरा होता, गवती वास येत नव्हता.

"एर्गशचं थोबाड तुम्ही पाहिलंय ना?" तो म्हणाला. "असल्या थोबाडाचा माणूस भिंतीला आरसा कशाला लावेल. त्या चहाखान्यात आयुष्यात कधी आरसा नव्हता, साहेब. आज सकाळी तर दारही नव्हतं. आत गेला असतात तर दार शोधावं लागलं असतं तुम्हाला."

दिलमुरोदच्या पॅन्टची घडी तशीच राहिली, चेहऱ्याची मोडली. तो सावरून म्हणाला की हे कुठे लिहून देणार तुम्ही, साक्षीदार कोण, आणि माझे मेहुणे कुठल्या ऑफिसात बसतात हे माहीत आहे ना. तोयिरला माहीत होतं. शिक्का दुकानांकडे न फिरकता, इथेच या टेबलावर बसून मारला होता, हेही आता माहीत झालं. पण एवढ्याने तुर्दी सुटत नव्हता. साहेब म्हणणार, इंजिनियरने बघितलं नाही, पोराने तरी का बघितलं नाही? म्हातारी आत होतीच कशाला, याचं उत्तर मिळेपर्यंत दोष जो सगळ्यात हलका त्याच्याच डोक्यावर बसणार होता.

चहाखाना आणि भट्टी यांच्यामध्ये एक खिडकी होती. तंदुरातून निघालेलं नान त्या खिडकीतून थेट चहाच्या गिऱ्हाइकापुढे जायचं. आपा काटकीसारखी बारीक. चहाखान्याला दार नाही म्हटल्यावर ती तिथून सहज पलीकडे गेली असणार.

मग प्रश्न असा की दार कोणी नेलं, आणि का नेमकं पाडायच्या आधी?

३

एर्गशच्या अंगणात पर्सिमनचं झाड होतं. पानं गळून गेली होती, नारिंगी फळं तेवढी दिव्यांसारखी लटकत होती, आणि मैना त्यांच्यावर तुटून पडल्या होत्या. झाडाखाली विटांवर फळी टाकून, वर गादी घालून एर्गशने बैठक केली होती. तोयिर तिथे मांडी घालून बसला.

आपाचं नाव निघताच एर्गश रडायला लागला. त्याला रडू देऊन तोयिरने सावकाश विषय काढला की म्युझियमवाल्यांचा फोन होता. मेट्रोत जुन्या रांगेची आठवण म्हणून काचेच्या कपाटात काहीतरी ठेवायचंय. त्यांना चहाखान्याचं निळं दार हवं होतं, खाली मालकाच्या नावाची पाटी लावून, पण दार आधीच कुणा मेल्याने उचललं. आता घड्याळवाल्याचं शटर ठेवणार म्हणे.

एर्गशचं रडू थांबलं. "त्याचं शटर? गंजकं?"

"आता काय करणार. दारच नाही."

"आहे की," एर्गश म्हणाला. "तू त्याच्यावर बसलायस."

तोयिरने गादी उचलून बघितली. निळा रंग, पितळी कडी. आयुष्यात इतक्या सहज गळाला लागलेला मासा बघून एरवी तो आठवडाभर हसला असता.

आपा आत कुठून शिरली ते एर्गशला एका क्षणात कळलं. त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले. काल संध्याकाळी त्याने हातगाडीवर दार आणलं होतं. उद्या पाडणारच तर चुलीत तरी का जावं, आजोबांनी बसवलेलं दार. "म्हणजे मीच मारलं तिला," तो म्हणाला.

"तू दार नेलंस. तिला आत नेलं नाहीस. ती कशासाठी गेली ते सांग मला."

एर्गश म्हणाला की जगात त्या बाईला एकाच गोष्टीची पर्वा होती, बोतिरच्या नानची. पण ते तर कधीच नव्या घरी गेलं.

बोतिर म्हणजे आपाचा मुलगा. अकरा वर्षांपूर्वी रशियात बांधकामावर गेला. निघताना उंबऱ्यावर त्याने रिवाजाप्रमाणे आईच्या हातच्या नानचा एक घास तोडला, आणि उरलेलं नान आपाने भट्टीच्या भिंतीला टांगलं. घरातून लांब निघालेल्याचं नान असं वाट बघत राहतं. परत आला की उरलेलं त्यानेच संपवायचं. तोयिरच्या आजीनेही आजोबांचं नान असंच टांगलं होतं. युद्ध संपलं, माणसं परतली, आजोबा नाही. शेवटी एका सकाळी आजीने ते नान पाण्यात भिजवून पाखरांना घातलं आणि त्या दिवसापासून पांढरा रुमाल बांधायला लागली. तोवर तिला विधवा म्हणायची कोणाची छाती नव्हती.

बोतिर पहिली काही वर्षं फोन करायचा. मग फोन थांबले. आपा म्हणायची, कामात असेल.

"काय गोड पोरगं," एर्गश म्हणाला. "माझ्याच सायकलवरून पडून पुढचा दात घालवला होता त्याने. त्या नानच्या घासातसुद्धा मधोमध पाव तसाच राहिलेला, जिभेसारखा. आपा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, माझ्या बोतिरने जाताना नानला जीभ लावून दिली म्हणून. नजर अधू झाली तेव्हा हात लावून बघायची, आहे ना अजून."

आणि घर हलवलं त्या दिवशी? त्या दिवशी, एर्गश म्हणाला, सगळी रांग बघत होती. मेहरीने, आपाच्या मुलीने, नान फडक्यात बांधून स्वतःच्या मांडीवर ठेवून नेलं. आपा ट्रकमध्ये बसून तिला सारखी बजावत होती, हळू, हळू. त्यावरून एर्गशला आठवलं आणि त्याचा आवाज जरा कडू झाला. सगळे डोळे पुसत होते आणि ती मेहरी आदल्या संध्याकाळी भट्टीच्या मागे मैनांना भिजवलेला पाव घालत बसली होती, जणू काही झालंच नाही. दगड आहे ती पोरगी, दगड.

तोयिर झाडाकडे बघत राहिला. एक मैना अर्ध्या खाल्लेल्या फळात चोच खुपसून बसली होती.

"माझं दार घेतील ना पण ते?" एर्गशने विचारलं.

तोयिर गादी सारखी करून उठला. एका थापेचं ओझं वाटायची ही त्याची पहिलीच वेळ.

४

नव्या वसाहतीतल्या त्या फ्लॅटमध्ये बायकांची दाटी होती. पांढरे रुमाल, निळे झगे, आणि खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येणारा हंबरडा. मेहरी चहाच्या किटल्या भरत होती. पस्तिशीची, शिवणकाम करणारी, लग्न मोडून आईकडे परत आलेली. ती रडत नव्हती. हातातून झाकणं तेवढी पडत होती.

समोरच्या भिंतीवर, मोठ्या खिडकीशेजारी, बोतिरचं नान टांगलेलं होतं.

तोयिर त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. भट्टीच्या काळोखात ते नुसतं काळपट वर्तुळ दिसायचं. इथे खिडकीतून लख्ख उजेड येत होता. मध्ये खिळ्यांच्या साच्याने उठवलेली नक्षी, कडेचा फुगवटा, कडेला तोडलेला घास. तोयिरने बोट पुढे केलं आणि घासाच्या कडेवरून फिरवलं.

कड गुळगुळीत चंद्रकोरीसारखी होती. जीभ नव्हती.

पुढचं सगळं त्याला एकदम दिसलं आणि दिसलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. पण पुरावा काय? गुळगुळीत घास. त्यावर कोणी पोराला सोडतं? त्याच्याकडे हत्यार एकच होतं, जन्मभर वापरलेलं. त्याने घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मेहरी, बातमी आहे. वकिलातीतून बोतिरचा पत्ता लागला. आईचं कळल्याबरोबर निघालाय. परवा पोचेल."

बायकांचा हंबरडा तुटला. कोणी हात उंचावून दुवा म्हणायला लागली, कोणी म्हणाली, आईच्या जाण्याने तरी लेकरू परतलं. एका म्हातारीने रडत हसत नानकडे बोट दाखवलं, आता संपवेल बाई तो ते.

मेहरीच्या तोंडावर आनंद आला नाही. आश्चर्यही आलं नाही. किटली तिरकी झाली आणि गरम पाणी तिच्या पायावर सांडत राहिलं. तिला ते कळलंच नाही.

"अका," ती म्हणाली, "स्वयंपाकघरात या."

५

स्वयंपाकघराचं दार तिने लावून घेतलं.

"तो येणार नाही," ती म्हणाली. "तुम्हाला माहितीये येणार नाही ते. माझी थट्टा करायला हाच दिवस सापडला?"

तोयिर स्टुलावर बसला. त्याला थट्टा सुचली नाही, माफी मागणंही जमेना, म्हणून त्याने जे जुळवलं होतं ते सांगायला घेतलं. तुझी आई काहीतरी शोधत होती. हातात दिवा होता. ती जगात एकच गोष्ट शोधेल. पण ती गोष्ट इथे भिंतीवर आहे असं सगळे समजतात. म्हणजे तिला कळलं होतं की भिंतीवरचं ते नाही. कसं कळलं, तर बोट फिरवून. जीभ नव्हती. मग ती खरं नान हुडकायला गेली. आता हरवलेली वस्तू शोधणारा माणूस आधी खिळा बघतो, फळी बघतो, पिठाची पेटी उघडून बघतो. पेटीची सुतळी सुटलेली नव्हती. ती खिडकीतून शिरली आणि थेट तंदुरात वाकली, जिथे टांगायचं नान कोणी शहाणा माणूस ठेवणार नाही.

"तिथं आहे असं तिला कोणीतरी सांगितलं होतं," तो म्हणाला. "आणि खऱ्या नानचं काय झालं ते मैनांना ठाऊक आहे."

मेहरी ओट्याला धरून उभी होती. पायावर फोड येत होते. ती बोलली ते तुटक तुटक, मध्येच गॅस बारीक करत, मध्येच उगाच चमचे पुसत.

दोन वर्षांपूर्वी एका परक्या नंबरावरून फोन आला होता. बोतिरबरोबर राहणारा कोणी मजूर. थंडीत ताप आला, मजुरांच्या पत्र्याच्या खोलीतच गेला, तिथेच पुरला. कबरीवर नावाची फळी ठोकलीये, एवढं त्याने सांगितलं. मेहरीने ते आईला सांगायचं ठरवलं, आज, उद्या, सणानंतर. आणि आई रोज सकाळी भट्टी पेटवायच्या आधी नानला हात लावायची. कसं सांगणार?

मग मेट्रो आली. घर हलवायच्या आदल्या संध्याकाळी मेहरीने नान खिळ्यावरून उतरवलं, आणि ते हातात आल्यावर तिला ते नव्या घरात नेववेना. मेलेल्याचं नान नव्या भिंतीवर वाट बघत टांगायचं? तिने ते भिजवलं, पाखरांना घातलं, एकटीने, भावाच्या नावाने दोन शब्द म्हणून. तेवढाच त्याचा सोहळा. आणि आईने त्या दिवशी भाजलेल्या शेवटच्या खेपेतलं एक नान घेतलं, विझत्या तंदुरात परत टाकून वाळवलं, काळपट केलं.

"घास कोणी तोडला?" तोयिरने विचारलं.

"मी. त्याचा दात मी कुठून आणू?"

महिनाभर चाललं. आपाला नव्या घरात सगळंच परकं, तिने नानला हात लावला नाही. पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसून राहायची. काल संध्याकाळी पहिल्यांदा म्हणाली, याच्यावर धूळ बसली असेल. उतरवून पुसलं. बोट फिरलं आणि थांबलं.

मेहरीला तेव्हा खरं सांगता आलं असतं. तिने तोंड उघडलं तेही त्याचसाठी. पण निघालं भलतंच. म्हणाली, खरं नान धुळीने खराब होऊ नये म्हणून आवरताना तंदुरात ठेवलं होतं, तिथेच राहिलं. तुझा जीव जाईल म्हणून हे दुसरं टांगलं. उद्या दुपारी आपण जाऊन आणू.

"दुपारी," तोयिर म्हणाला.

"सकाळी पाडणार होते. गल्लीगल्लीत कागद लागले होते." तिचा आवाज आता सपाट होता. "मला वाटलं, दुपारी जाऊ तर काही उरलेलं नसेल. ती रडेल. एकदाच रडेल. म्हणेल, नान गेलं. आणि मग हळूहळू तिचं तिलाच कळेल. माझ्या तोंडून ऐकावं लागणार नाही. वाचता येत नव्हतं तिला. उद्या पाडणार आहेत हे तिला माहीतच नव्हतं, अका. ती पहिल्या बसने गेली. मी झोपले होते."

बाहेर बायका बोतिरसाठी अंथरूण कुठे घालायचं यावर बोलत होत्या.

तोयिरने तिला मग जे सांगायचं ते सांगितलं. दार नव्हतं, इंजिनियरने बघितलं नव्हतं, तुर्दीने हाक मारली होती, हे तो लिहील. पण आपा तिथे स्वतःहून, चोरवाटेने, कोणालाही न कळवता का गेली हे मेहरीने स्वतःच्या हाताने लिहून दिलं तरच पोरगं सुटेल. कायदा तिला हात लावणार नाही. खोटं बोलल्याबद्दल आपल्याकडे तुरुंग नाही.

"भाऊ गेला तेही लिहू?"

"त्याच्याशिवाय बाकीच्याला अर्थच नाही."

तिने गॅस बंद केला. हात पुसले. कागद मागायच्या आधी ती स्वयंपाकघराचं दार उघडून बाहेर गेली आणि अंथरुणाची चर्चा करणाऱ्या बायकांसमोर उभी राहिली. तोयिर आतच बसला. तिने काय सांगितलं ते त्याला ऐकू आलं नाही. मग ती परत आत आली आणि तिने कागद मागितला.

६

तुर्दी संध्याकाळी सुटला. रविवारी पाळणा झाला, पुलाव झाला, पण पंगती अर्ध्याच बसल्या. सोमवारी तो परत पोकलेनवर चढला. पोर झालंय, दुसरं करणार काय. फक्त आता प्रत्येक दुकानापुढे मशीन थांबवून खाली उतरतो, आत जातो, कपाटं उघडतो, टाक्यांत वाकून बघतो. मुकादम शिव्या घालतो. तो उतरतोच.

दिलमुरोदला दुसऱ्या साइटवर पाठवलं, म्हणे मोठ्या. एर्गशने एके दिवशी निळं दार हातगाडीवर घालून परत नेलं आणि चहाखाना होता त्या जागी, नुसत्या हवेत, दोन विटांना टेकून उभं केलं. दुपारी राडारोड्याच्या ट्रकने ते उचललं. म्युझियमची थाप होती हे तोयिरने त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही. एर्गशनेही विचारलं नाही.

बायकांनी मेहरीकडे जाणं हळूहळू बंद केलं. शिवायला टाकलेली कापडं तेवढी, न शिवलेली, परत मागून नेली.

आपाच्या विसाव्या दिवसाचं जेवण झालं आणि ती रशियाला निघाली. भावाच्या कबरीवरच्या फळीवर नाव बरोबर लिहिलंय का बघायचं होतं. तोयिर घराची किल्ली घ्यायला गेला तेव्हा ती दारात उभी होती, एका बॅगेसह. बॅगेत फडक्यात बांधलेली तंदुराची माती होती. भिंतीवर नान तसंच.

तोयिरने ते उतरवलं. काहीतरी हलकं बोलावं असं त्याला फार वाटलं.

"घास तू तोडलायस," तो म्हणाला. "आता परत येऊन संपवावं लागेल."

"तो मी त्याच्या नावाने तोडला होता, अका," ती म्हणाली. "माझा नाही तो." आणि जिना उतरून गेली. वळून बघितलं नाही. उंबऱ्यावर थांबून तिने कशाचाही घास तोडला नाही. तोडला असता तरी टांगून ठेवणारं कोणी उरलं नव्हतं.

ते नान तोयिरच्या चौकीत खिळ्यावर आहे. तंदूर होता तिथे आता खोल खड्डा खणलाय, दिवसभर मशीनची घरघर चालते, खिडक्या थरथरतात आणि नानही खिळ्यावर थोडं थोडं हलतं. येणारे जाणारे विचारतात, कोणाचं हो हे, कोण गेलंय? अख्ख्या बाजाराला टोप्या घालणारा माणूस कागदात डोकं घालतो.

सकाळी मैना येतात. खिडकीच्या कठड्यावर बसून, मान तिरकी करून नानकडे बघतात. तोयिर उठतो आणि खिडकी लावून घेतो.